ठेव मोडू नको

सुकन्या,

शाळेत शिकवून आलीस की बँकेत जाऊ नको, ठेव मोडू नको. बेस गिटारला नवा अँप्लिफायर नको आता. जुन्याचा आवाज कमी येतोय म्हणून मी तो वाढवत गेलो, अन् आमचा गायक मृत्युंजय दर कार्यक्रमात माझ्याशी भांडत राहिला. आज तुला न सांगता कानाच्या डॉक्टरकडं गेलो. "बहिरे नाही झालात, मळ घट्ट बसलाय," म्हणाले अन् काढून दिला. घरी आलो तर मोरीतला नळ ठिबकताना ऐकू आला, लई बरं वाटलं! निलंग्याला लग्नात वाजवायला चाललोय, उद्या सकाळी येतो. तू हाका मारायचीस अन् मी गप्प बसायचो, ते रागानं नव्हतं गं. ऐकूच येत नव्हतं, अन् सांगायला भीत होतो.

संगमेश