आठ पिशव्या कमी

तिरोडा,
१९ जून २०१३

आदरणीय अन्नपूर्णाताईस,

धाकट्या भावाचा, ताराचंदचा, सविनय जय भीम. तुझे गुडघे कसे आहेत? दरेकसाच्या चढउताराला ते कुरकुरत असतील, पण तू त्यांचे ऐकणार नाहीस. (तू कोणाचेच ऐकत नाहीस. हे तक्रार म्हणून लिहिलेले नाही.) माझी प्रकृती उत्तम आहे, पोट सोडून.

सात महिने आपले बोलणे नाही, याचे कारण तुलाही माहीत आहे आणि मलाही. स्नेहलची आई गेली, तिच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी भर मंडपात तू विचारलेस, "तारा, तुले चहा तरी करता येते का? राहू का मी इथं दोन-चार महिने?" चौतीस वर्षे शाळा चालवलेला माणूस मी, मला राग आला. "मले कोणाची गरज नाही," असे म्हणालो आणि तू संध्याकाळच्या गाडीने निघून गेलीस. पुढे काय काय झाले ते कळवतो. सगळे दुधामुळे झाले.

स्नेहलने नागपूरला परत जाताना दुधाची डझनभर खोकी आणून ठेवली होती. हे दूध तापवावे लागत नाही, कोपरा कापायचा आणि ओतायचे. (मुलीचा बापावर विश्वास एवढाच.) ती संपली तशी मी तीच आणत गेलो. एप्रिल संपेपर्यंत मागच्या अंगणात रिकाम्या खोक्यांचा ढीग कमरेला लागला. भंगारवाल्याला बोलावले तर तो म्हणाला, "गुरुजी, ये ना कागज है ना पन्नी, इसका मैं क्या करूँ?" शेजारची बकरी हुंगून परत गेली. (हीच बकरी माझी चप्पल खाते.) शेवटी मी ढीग पेटवला. तेव्हा धुरपताबाई, म्हणजे त्याच बकरीच्या मालकीणबाई, तोंडाला पदर लावून भिंतीपाशी आल्या. "काऊन जाळून राहिले जी गुरुजी? पोरं खोकलून राहिले ना! पिशवीचं दूध घ्या. पिशव्या धुऊन मले द्या, मी त्याची खोळ शिवतो." भाताच्या रोवणीला बायका दिवसभर वाकून चिखलात असतात, वरून पाऊस. धुतलेल्या पिशव्या जोडून त्या पाठीवर घ्यायची खोळ शिवतात. एका खोळीला चाळीस पिशव्या लागतात.

मला विचार पटला. आणि मला विचार पटला की मी गप्प बसत नाही, हे तू लहानपणापासून जाणतेस. रविवारी विहारात वंदना झाल्यावर मी उभा राहिलो आणि कचरा या विषयावर पाऊण तास बोललो. खोकी सोडा, पिशवी घ्या. तीही अर्ध्या लिटरची नको, कारण दोन लहान पिशव्यांना एका मोठीपेक्षा प्लॅस्टिक जास्त लागते. लोकांनी टाळ्या वाजवल्या. (उठायला मिळाले म्हणूनही वाजवल्या असतील.) त्या दिवसापासून मी लिटरच्या पिशवीला बांधला गेलो. आता दुकानात अर्ध्या लिटरच्या पिशवीकडे नुसते पाहिले तरी कोणीतरी म्हणते, "काय गुरुजी?"

पहिली पिशवी स्कूटरच्या डिकीत किल्लीने फाटली. दुसरी मी दाताने उघडली. तिसरी नीट कापली आणि दूध गॅसवर ठेवले. ताई, आयुष्याच्या चौसष्टाव्या वर्षी मी पहिल्यांदा दूध तापवत होतो. पातेल्याकडे टक लावून बघत उभे राहिले की ते काहीही करत नाही. पेपरची एक ओळ वाचायला मान वळवली की सगळे ओट्यावर. चार दिवस असेच गेले. पाचव्या दिवशी दूध उतू गेले नाही, तेव्हा लक्षात आले की मी गॅसच पेटवला नव्हता.

आता जमते. पण अर्धा लिटर उरतो. पूर्वी हीच पिशवी आम्हा दोघांना संध्याकाळपर्यंत पुरायची. उरलेल्याचे दही लावतो, ते आंबते. त्याची कढी करतो, ती मीच पितो, आणि पोटाचे वर लिहिलेच आहे. पिशव्या धुऊन समोरच्या तारेवर वाळत घालतो. स्नेहलची आई घालायची तेव्हा मी तिच्यावर ओरडायचो, मुख्याध्यापकाच्या दारात हे काय लोंबते म्हणून. ती म्हणायची, "लोकाईले सांगा, तुमी बी धुवा." नेमके तेच मी विहारात सांगितले. ऐकायला ती नव्हती, याचे फार वाईट वाटते.

मुद्द्यावर येतो. बत्तीस पिशव्या झाल्या, आठ कमी आहेत. रोवणी तोंडावर आली आहे आणि माझ्या पोटाने हात टेकले आहेत. तरी तू आठ दिवस येऊन रोज अर्धा लिटर दूध संपवावेस, ही विनंती. धुरपताबाईंचे काम अडले आहे म्हणून लिहितो. मला कोणाची गरज आहे असा अर्थ काढू नये.

तुझा आज्ञाधारक (आतापासून) भाऊ,
ताराचंद

ता. क. १ : आठ पिशव्या कमी आहेत हे खरे नाही. स्नेहलच्या आईच्या लोखंडी पेटीत धुतलेल्या, घडी घातलेल्या पिशव्या आहेत, दहा-दहाचे अकरा गठ्ठे. प्रत्येकाला दोरा तिनेच बांधलेला आहे. धुरपताबाईंनी विचारले तेव्हा मी सांगितले, घरात एकही नाही. तीनदा पेटी उघडली. गाठ सोडायला हात धजत नाही. एक गठ्ठा तू सोड आणि तूच त्यांना नेऊन दे. मी तेवढा वेळ मागच्या अंगणात थांबेन.

ता. क. २ : तू चहाचे विचारले होतेस. येते करता. साखर किती घालायची ते मात्र तिलाच ठाऊक होते. आठ दिवस म्हटले ते दुधाच्या हिशेबाने. तू तेव्हा दोन-चार महिने म्हणाली होतीस, ते अजून चालेल का? गाडी कळव, स्टेशनवर येतो. गॅस बंद करून येईन.