पत्र नववे

मंगळ. ११ जून १९७४
सुमनचं आठवं पत्र आलं. पुण्यात तिच्या शेजारी टी.व्ही. आहे. दर शनिवारी तिथे बसून हप्त्याने चालणारं ते नाटक बघते आणि मला कळवते. आंतर्देशीय पत्राचा कोपराही रिकामा सोडत नाही. माझीच बहीण.

आमच्या घरांच्या ओळीत टी.व्ही. कुणीच पाहिलेला नाही, तरी त्या नाटकातल्या नलूला सगळ्या ओळखतात. बुधवारी भजन झालं की मी ओसरीवर पत्र वाचते. मग वही घरोघर फिरते. जुन्या कॅलेंडरांच्या पाठी शिवून केलीय. प्रत्येक पत्राला एक पान, त्याखाली ज्याने त्याने आपलं मत लिहायचं. नियम माझे. पहिला: पत्रात आहे तेवढंच. पदरचं जोडायचं नाही.

आठव्यात नलूला मास्तरणीच्या कोर्सला जागा मिळाली. सासू काय म्हणते ते पुढच्या शनिवारी.

गुरु. १३ जून
वही परत आली. ओळीतल्या अंबूबाईने तीत नलूला परस्पर कोर्सच्या गाडीत बसवून दिलं होतं. रागावले. "पत्रात आहे का हे?" म्हणाली, "न्हाय, पण आमच्या मनात हाय की वैनी." खोडायला लावलं.

सरोजाने दोनच ओळी लिहिल्यात, "नलूने विचारावे. न विचारता कसे कळेल."
सरोजा म्हणजे भिंतीपलीकडच्या गिरिजाक्कांची सून. मॅट्रिक, माझ्यासारखीच. तिलाही बार्शीला कोर्सची जागा मिळालीय, वसतिगृहात राहून दोन वर्षं. होकाराचा फॉर्म २६ पर्यंत द्यायचा. नवरा म्हणतो, आई म्हणेल तसं. आई काहीच म्हणत नाही.

नळावर मी विषय काढला. गि.अक्का सगळ्यांदेखत म्हणाल्या, "नलूच्या सासूनं धाडलं तर मीबी धाडते की! ती तर टी.व्ही.तली मोठी बाई. तिच्यापेक्षा मी काय कमी हाय?" सगळ्या हसल्या. सरोजा हसली नाही.

मंगळ. १८ जून
नववं पत्र. उभ्या उभ्या वाचलं आणि पोथीत घातलं.
नलूने फॉर्म चुलीत टाकला. सासूने पाठीवरून हात फिरवला. संपलं. सुमन लिहिते, सगळे रडले, मीही रडले, किती गुणाची सून!
उद्या वाचायचंय.
ह्यांना सांगितलं. वर्तमानपत्रामागून म्हणाले, "मग वाच की. तू थोडंच लिहिलंयस?"

बुध. १९ जून
वाचलं. फॉर्म हातात घेऊन नलू चुलीपाशी येते, इथवर अक्षर न् अक्षर खरं. पुढे गि.अक्का मांडी बदलून पुढे सरकल्या, त्यांच्यामागे सरोजा खांबाला टेकून, पदर दातात. आणि माझ्या तोंडून आलं, "सासूने तो काढून घेतला. स्वतः स्टुलावर चढली न् माळ्यावरची ट्रंक खाली काढली."
ट्रंक कुठून आली, देवाला ठाऊक.
अंबूबाईने टाळ्याच वाजवल्या.
संध्याकाळी सिद्धेश्वराला गेले. हात जोडले, पण तोंड वर करवेना.

शुक्र. २१ जून
भिंतीपलीकडे धडाड् आवाज. धावले. गि.अक्का स्टुलावर, खाली ट्रंक, धुळीने माखलेली. "बघतीस काय वैनी? लग्नातली हाय माझी. फडकं आण!"
सरोजाने ट्रंक पुसली. आत कागद अंथरला. पुन्हा काढून नीट अंथरला.
वाईट केलं म्हणावं तर...

रवि. २३ जून
गि.अक्का आल्या. "ते पत्र दे की. ट्रंकेचं पुन्हा ऐकायचंय. सून वाचंल, तुला कशाला तरास."
म्हटलं, बघते, कुठे ठेवलंय. पत्र समोरच्या पोथीत.
"हुडकून ठेव. उद्या नेते."

फाडावं? विचारतील. दुसरं लिहावं, सुमनच्या वळणाने? कोरं आंतर्देशीय घेऊन देवापाशी बसले. 'ती. ताईस सा. न.' इथवर लिहिलं. पुढे हात चालेना.

सोम. २४ जून
उपास. पाणीसुद्धा नको वाटलं.
सकाळी नळावर सरोजाला गाठलं. तिच्या शेजारीच गि.अक्का कळशी घासत. नुसतं म्हटलं, "सरोजा, पत्र आधी मनात वाच हं, सुमनचं अक्षर फार बारीक असतं." ती म्हणाली, "वाचते की काकू, मला लागतं तिचं अक्षर."
कळलं की नाही?
दुपारी गि.अक्का पत्र घेऊन गेल्या. या वेळी फिरवलीच नव्हती, ती वहीही मागून नेली. भिंतीला कान लावला, लाज सोडून. सरोजाचा आवाज येत होता, शब्द नाही. संपला, की पुन्हा सुरू. असं तीनदा.

मंगळ. २५ जून
आज पत्र नाही सुमनचं. बरंच झालं.
तीनच्या सुमारास गि.अक्का आल्या. बस म्हटलं तरी बसल्या नाहीत.
"तू वाचलंस त्यात ट्रंक होती. सुनेनं वाचलं त्यात न्हाय."
म्हणजे तिने खरं वाचलं. माझी खूण कळली नाही, की कळूनसुद्धा...
"कुणी खोटं वाचलं?"
"मी."
"आणि तीन वेळा वाचून घेतलं मी तिच्याकडनं. तिन्ही वेळा नलूनं फॉर्म चुलीतच घातला. वाचताना सून रडली न्हाय, थांबली न्हाय. यप्पा, कसली पोर!"
मी पाया पडायला वाकले. मागे सरल्या. "ऱ्हाऊ दे. आधी सांग, त्या बाईनं पाठीवरनं हात फिरवला असं पत्रात हाय, तो कशापायी?"
काय सांगू? म्हटलं, "पत्रात तेवढंच आहे."
"तेवढंच व्हय," म्हणाल्या. उंबऱ्यापर्यंत जाऊन वळल्या. "तुझं ऐकलं, तिचं बी ऐकलं. आता माझ्या घरात काय व्हायचं ते मी बघते."
वही त्यांच्याकडेच आहे. नवव्या पत्राचं पान दिलं तेव्हा कोरंच होतं.

उद्या २६.
देवापाशी दिवा लावला. स्वैपाक व्हायचाय, पण भिंतीपासून हलवत नाही. भरायला ट्रंक ओढली तर फरशीवर वाजेल, लोखंडी आहे.
अजून वाजली नाही.