बाळंतिणीचे लाडू

तेलगाव, मंगळवार, २२ नोव्हेंबर १९९४

काल लिहिलं की शेजारच्या सुनंदाने माझे डिंकाचे लाडू परत पाठवले. ते खरं नाही. बाबांनी शिकवलंय, चुकलेलं खोडू नये, खाली खरं लिहावं. लाडू तिच्या सासूने दारातूनच परत केले. "लेकरू तर गेलं. आता कुणाला पाजायचंय तिला? ने बाई तुझे लाडू." डब्याच्या फडक्याला मी मारलेली गाठ तशीच होती. सुनंदाने तो पाहिलासुद्धा नाही.

मी डबा घेऊन परत आले. घरी सगळ्यांनी ते लाडू खाल्ले. मीही एक खाल्ला.

आज आई म्हणाली, "लेकरू गेलं तरी ती बाळंतीणच हाय की! कंबर तिचीच मोडली ना?" बाळंत होऊन चौदा दिवस झाले, आणि पोटात नुसती भाकरी. ती न सुटलेली गाठ सारखी डोळ्यांसमोर येते.

शनिवारी सासू माजलगावच्या बाजाराला जाते, तेव्हा गुपचूप द्यावेत असं आधी वाटलं. पण मग सुनंदाला ते लपून खावे लागतील, चोरल्यासारखे. म्हणून आजच पुन्हा डिंक तळला. उद्या, बुधवारी सकाळी, सासूच्या देखत देणार.