समुद्रातला गाळ आणि तू लपवलेलं पत्र

बा, तू जाऊन अकरा वर्षं झाली, तरी माझा राग गेलेला नाही. आज तो पुन्हा वर आला, कारण गोदावरीच्या मुखासमोर समुद्राच्या उथळ तळातून काढलेल्या गाळाचा अहवाल मी आज पूर्ण केला. त्या गाळातला सेंद्रिय अंश जमिनीवरच्या झाडापानांचा की समुद्रातल्याच शेवाळाचा, हे शोधणं माझं काम. झाडापानांत नायट्रोजनच्या मानाने कार्बन खूप जास्त असतो, शेवाळात तितका नसतो. त्यावरून मूळ कळतं. लोकांना हे मोठं शास्त्र वाटतं. मला ते पहिल्यांदा तू शिकवलंस, मी नऊ वर्षांची असताना.

मे महिना आहे, दिघोरीच्या तलावाचं पाणी उतरलंय. तू गुडघाभर चिखलात उभा आहेस, दोन्ही हातांत दोन गोळे. "हुंगून पाह्य," म्हणतोस. "हा भायेरून वाहून आला, पाल्यापाचोळ्याचा. अन् हा पान्यातच जन्मला, शेवाळाचा. याच्यावर मासा चरते." मी डोळे मिटून दरवेळी बरोबर ओळखते आणि तू तलावावर येईल त्याला माझ्या नाकाचं कौतुक सांगत बसतोस.

आणि त्याच तू ते पत्र लपवलंस. समुद्राच्या तळाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेत पुढे शिकायला मी अर्ज केला होता. महिनोन् महिने मी पोस्टमनची वाट पाहत होते, आणि मी वाट पाहते आहे हे तू रोज बघत होतास. बोलावणं आलंच नाही म्हणून मी स्वतःलाच नालायक ठरवलं. दिवाळीत फाटकं जाळं शिवायला घेतलं, तर त्याच्या बोचक्यातून पाकीट पडलं. फोडलेलं. मुलाखतीची तारीख केव्हाच उलटली होती.

"हे काय होय, बा?"

"पोस्टमननं वाचून देल्लं. तुह्या कामाचं नव्हतं."

"मले बोलावलं होतं त्यायनं. काहून लपवलं?"

तू मान वर केली नाहीस. "चिखल शिकाले इतक्या दूर जा लागते का? इथं का चिखल कमी हाये?"

आज विचारते. तलावाच्या बांधापलीकडे जाऊच द्यायचं नव्हतं, तर चिखल हुंगायला शिकवलंस कायले? पुढच्या वर्षी मी लाखनी गावच्या मैत्रिणीचा पत्ता देऊन अर्ज केला आणि निवडले गेले. मी निघाले तेव्हा माय रडत होती. तू जाळं खांद्यावर टाकून तलावावर निघून गेलास. त्यानंतर आपण कधीच बोललो नाही.

अहवालात झाडापानांचाच अंश जास्त निघाला. आपल्या वैनगंगेचं पाणी शेवटी गोदावरीलाच मिळतं, म्हणजे त्या गाळात आपल्याकडच्या धानाचा कुजका पालाही असणार. तो तुला न विचारता समुद्रापर्यंत गेला, बा. परवानगी फक्त मला लागत होती. हा कागद तुझ्यासमोर आपटायचा होता, आणि तू नाहीस, याचाही मला रागच येतो.

तू गेलास तेव्हा मी जहाजावर होते. तुझ्या आजाराचं मला कळलंच नाही, असं मी सगळ्यांना सांगते, मायलासुद्धा. ते खरं नाही. निघायच्या आदल्या दिवशी लाखनीहून मैत्रिणीचा फोन आला होता. "तुहा बा लय बिमार हाये. तुहं नाव घेऊन राहिला. येऊन जा." मी म्हटलं, जहाज चुकेल.

हे पत्र कुणाच्या हाती द्यायचं नाही, म्हणून खरं लिहिते. तेच जहाज दोन महिन्यांनी पुन्हा निघणार होतं, आणि ते मला माहीत होतं.