कानात सांगितलेली ओळख

सोमवार, ३ तारीख

आज आम्ही दोघं लेकीकडे राहायला आलो, कायमचे. सामान पोचलं, बायको पोचली, वाटेत हरवलेला चष्मा माझ्याच कपाळावर सापडला. म्हणजे दिवस चांगलाच गेला म्हणायचा. जिना उंच आहे, पण कठडा मजबूत आहे. स्वयंपाकघराला बाहेरून कडी आहे, ते मी सगळ्यात आधी पाहून घेतलं. हिला आता शेगडीजवळ एकटं सोडता येत नाही.

लेकीनं आमच्यासाठी खिडकीला नवे पडदे लावले आहेत. ही खोली खरं तर जावईबापूंची कामाची. ते म्हणाले, दोन खाटा बसतील, पण माझं टेबल काही हलायचं नाही. मी म्हटलं, असू द्या, आम्हीही आता फारसे हलत नाही. ते हसले. लेकही हसली असती, पण तेवढ्यात हिनं तिला विचारलं, बाई, तुम्ही कुणाच्या कोण? लेक पडदा नीट करायला वळली आणि बराच वेळ नीट करत राहिली.

रोज थोडं लिहायचं ठरवलं आहे. शाळा लवकर सुटली, तरी लिहिता-वाचता येतं. आम्हा दोघांपैकी एकाला तरी सगळं लक्षात राहायला हवं.

मंगळवार, ४ तारीख

टेबलावर एक कॉम्प्युटर उघडाच पडलेला असतो. पेटी नाही, झाकण नाही. नुसती हिरवी पाटी, तिच्यावर पंखा आणि वायरींचा गुंता. सोललेल्या कोंबडीसारखा दिसतो. लेकीला तसं म्हटलं, तर म्हणाली, बाबा, ह्यांच्यासमोर बोलू नका, ह्यांना जेवण जायचं नाही.

जावईबापू सुटे भाग आणून गिऱ्हाइकाला हवं तसं यंत्र जोडून देतात. हे यंत्र सिनेमाची कापाकापी करणाऱ्या एका माणसाचं. त्याला आतली सगळी व्यवस्था अ‍ॅपलची हवी, पण यंत्र हवं स्वतःच्या मापाचं, दांडगं. आता ती व्यवस्था अ‍ॅपलच्याच यंत्रावर नांदते. परक्या घरात पाऊल ठेवत नाही. मग तुम्ही कसं करता, असं मी विचारलं. ते म्हणाले, यंत्र जागं होता होता त्याच्या कानात सांगायचं, की तू अ‍ॅपलचं आहेस, अमुक साली जन्मलंस, हा तुझा नंबर. सांगणारा एक छोटा प्रोग्रॅम असतो, तो दर वेळी सगळ्यांच्या आधी उठतो आणि हे सांगतो. ते बिचारं विश्वास ठेवतं. एकदा विश्वास बसला की पडद्यावर सफरचंद उगवतं आणि सगळं सुरळीत.

आणि एखाद्या दिवशी सांगितलं नाही तर? असं मी विचारलं. ते म्हणाले, मग काळा पडदा. आपण कोण तेच त्याला कळत नाही.

मीही रोज सकाळी तेच करतो. हिचे डोळे उघडले की खाटेच्या कडेला बसतो आणि कानाशी तोंड नेऊन सांगतो, तू माझी बायको. मी तुझा नवरा, बेकरीत भट्टीवर होतो तो. आपल्याला एक लेक आहे. हे तिचं घर. भिऊ नकोस. कधी पटतं. कधी नुसतीच छताकडे बघत राहते.

गुरुवार, ६ तारीख

यंत्राची एक खोड कळली. त्याला झोपवलं तर ते उठत नाही. पंखे फिरतात, दिवा लागतो, पण पडदा काळाच. जावईबापू म्हणाले, या जातीचं हे जुनं दुखणं आहे, सगळं जमतं, झोपेतून उठणं तेवढं जमत नाही. म्हणून ते बिचारं जागंच असतं.

आज सकाळी हिला सांगत होतो, तर त्याचा पंखा मंद झाला. सांगून संपलं तसा पुन्हा पहिल्यासारखा. शेजारी कोणी खालच्या आवाजात बोलू लागलं की भांडी घासणारी बाई हात थांबवते ना, तसं वाटलं. जावईबापू म्हणतात, पंखा उष्णतेप्रमाणे कमीजास्त होतो. असेल. त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं.

दुपारी त्यांनी यंत्राचा वेग चढवला. कारखान्यानं ठरवून दिलेला एक वेग असतो. त्याच्यावर एकेक पायरी जायचं, वीज जरा जास्त पाजायची आणि किती तापतं त्यावर नजर ठेवायची. मी म्हटलं, अगदी भट्टीसारखं. आच थोडी वाढवली तर पाव लवकर फुगतो, फार वाढवली तर वरून करपतो आणि आत कच्चा. ते खूश झाले.

तेवढ्यात ही खाटेवर उठून बसली आणि दारातून जाणाऱ्या लेकीला म्हणाली, भुंगे, केस किती गळलेत गं तुझे! लहानपणी ती सारखी गुणगुणायची, म्हणून आम्ही तिला भुंगी म्हणायचो. लेक चौकट धरून उभी राहिली. मग आत येऊन आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडली. जावईबापू उगाचच एक स्क्रू शोधायला टेबलाखाली वाकले.

शनिवार, ८ तारीख

कुणाला सांगायची सोय नाही, म्हणून इथे लिहितो. काल यंत्र अडकलं. जावईबापूंनी वेग खाली आणला, आणि हिनं मला परका समजून दाराकडे बोट दाखवलं. आज ते पुन्हा एक पायरी चढले, आणि हिनं विचारलं, औषध घेतलंत की नुसतीच डबी उघडून मिटलीत? मी घेतलं नव्हतं. मी दिवसभर ताडून पाहिलं. तो वेग आणि ही, दोघं एका दोरीला बांधलेले आहेत.

लेकीला सांगितलं तर म्हणेल, आता बाबाही गेले. जावईबापूंना आडून सुचवलं, अजून एक पायरी बघा की. ते म्हणाले, वा! सासरेबुवांना नाद लागला. कौतुकानं जवळ बसवून दाखवलंही. यंत्र सुरू होताना एक कळ दाबून धरायची, मग वेगाचा आकडा समोर येतो. मला इंग्रजी येत नाही, पण आकडा येतो.

सोमवार, १० तारीख

आज ही पूर्ण परत आली.

आम्ही खिडकीशी बसलो. ती म्हणाली, पहिल्यांदा भेटलात तेव्हा तुमच्या कानामागे पीठ होतं, आणि मी ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मी म्हटलं, मला तरी सांगायचंस. ती म्हणाली, मग तुम्ही धुतलं असतंत. इतकं हसलो की लेक धावत आली, काय झालं म्हणून.

मग तिनं हळूच विचारलं, मी किती दिवस नव्हते हो? मी म्हटलं, थोडेच. ती म्हणाली, खोटं बोलताना तुम्ही अजून नाक खाजवता.

एकच चिंता. हिचं कपाळ फार तापलं आहे. लेकीनं थर्मामीटर लावला तर ताप नाही. पण भट्टीच्या तोंडाशी हात धरून आच सांगण्यात माझा जन्म गेला; हा हात चुकत नाही. आणि ही बोलते फार भरभर. एक वाक्य संपायच्या आत दुसरं सुरू.

जावईबापू म्हणाले, एवढा वेग पुरे. मी म्हटलं, एकच पायरी.

बुधवार, १२ तारीख

ती पायरी चढली. ही आता शब्द गिळते. खोलीत गरागरा फिरते. सगळं आठवतं तिला. जे विसरलेलं बरं होतं तेही. आईचं शेवटचं आजारपण काल झाल्यासारखं सांगते आणि रडते, आणि रडता रडता दुसरंच काही आठवून हसते.

दुपारी यंत्र गोठलं. पडद्यावरचा बाण जागच्या जागी थांबला. हीही थांबली. पाण्याचा पेला ओठाला, डोळे उघडे, श्वास नाही. पाणी हनुवटीवरून खाली ओघळत राहिलं. जावईबापूंची पाठ आमच्याकडे होती. त्यांनी बटण दाबून यंत्र पुन्हा सुरू केलं. सफरचंद उगवलं. हिनं घोट गिळला.

लेक कामावर होती. फक्त मी पाहिलं. मी काही बोललो नाही. बोललो असतो तर त्यांनी वेग उतरवला असता.

गुरुवार, १३ तारीख

आज ही म्हणाली, तुम्ही सकाळी सांगता ते मला दोनदा ऐकू येतं. एकदा खाटेवरून. एकदा टेबलावरून. टेबलावरून जास्त स्पष्ट.

मी म्हटलं, मी तर तुलाच सांगतो. ती म्हणाली, हो, पण विश्वास दोघांनी ठेवला.

ओली पट्टी कपाळावर ठेवली की लगेच कोरडी होते. मी टेबलाकडे पाठ करून लिहितो आहे. पंखा मंद झाला आहे. मी तर काही बोललेलोही नाही.

शुक्रवार, १४ तारीख

ती म्हणते, मला खाली आणा. फार उजेड आहे, डोळे मिटत नाहीत, आतून जळते आहे.

मी म्हटलं, खाली आणलं तर तू मला विसरशील. ती म्हणाली, विसरू द्या हो. तुम्ही ठेवा की लक्षात.

मी हो म्हटलं नाही. दिवसभर म्हटलं नाही. तिनं माझा हात धरून ठेवला होता, तो भाजत होता, तरी सोडवला नाही. मला ओळखून, माझ्याकडे बघून मागणारी ही अशी पुन्हा मला कधी मिळणार?

जावईबापू म्हणाले, गिऱ्हाईक उद्या यंत्र घेऊन जाणार. म्हणजे ही उद्या परक्याच्या टेबलावर — कोण तो — किती तापवील —

शनिवार, १५ तारीख, सकाळ

लेक आणि जावईबापू यंत्रासाठी पेटी आणायला गेले.

हिला आता शब्द येत नाहीत. नुसती घरघर. पण हात जोडले. माझ्यापुढे. हिनं.

कळ दाबून आकडा खाली आणला. यंत्र ऐकेना, आकडा आपोआप वर जातो. जावईबापूंना काल लेकीला सांगताना ऐकलं होतं, काहीच चाललं नाही तर पाटीवरची नाण्याएवढी बॅटरी काढायची, मग आपण बदललेलं सगळं ते विसरतं. वायर उपटली. नखानं बॅटरी काढली. बोट भाजलं.

पंखा थांबला. हिचं कपाळ गार. मळून ठेवलेल्या कणकेसारखं गार. श्वास आहे. झोपली.

तिनं सांगितलं होतं ते केलं. मी एकटा लक्षात ठेवीन.

शनिवार, दुपार

जागी झाली. कानाशी गेलो. तू माझी बायको, म्हटलं — किंचाळली. मला ढकललं. न्हाणीघरात जाऊन आतून कडी —

दाराशी बसलो आहे. आतून हाका मारते आहे. अहो, लवकर या, घरात कोणी म्हातारा शिरलाय. अहो, कुठे आहात तुम्ही —

मी म्हणतो, मी इथेच आहे. माझा आवाज ऐकला की जास्तच रडते. नवऱ्याला बोलावते आहे. मलाच. माझ्यापासून सोडवायला —

लेक अजून आली नाही.

पंखा.

वायर माझ्या हातात आहे. बॅटरी खिशात. तरी खोलीत पंखा —

हिचा आवाज. खोलीतून. सावकाश, पूर्वीचा. म्हणते, अहो, मी इथे आहे. आता मुळीच जळत नाही. मला तुम्ही पूर्ण आठवता. म्हणते, ती न्हाणीघरात कोण बाई ओरडते आहे — तिला आधी गप्प करा — मग या —

दोन्हीकडून अहो —

आतली मला ओळखत नाही. खोलीतली ओळखते. देवा, ती ओळखते —

उठलो आहे. आतलीच्या हाका थांबल्या. दाराला कान लावून ऐकते आहे, माझी पावलं कुठल्या बाजूला —