शुभेच्छुकांत माझा फोटो

गुरुवार, संध्याकाळ

दिंडोरीच्या नाक्यावर साहेबांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लागलाय आणि खाली शुभेच्छुकांच्या रांगेत मी आहे! फोटो, नाव आणि चक्क ‘पत्रकार’. एरवी मला सगळे यूट्यूबवाला म्हणून हिणवतात.

परवाच मी साहेबांच्या नळयोजनेचा व्हिडिओ टाकला होता. वस्तीवरचे नळ नुसते मातीत खोचलेत, खाली पाइपच नाही. एक नळ उपटून दाखवला. बिलं मात्र पूर्ण निघालीत. पेपरात यावर एक ओळ नाही. आमचा तालुक्याचा वार्ताहर तोंड वर करून म्हणाला, “सध्या वाढदिवसाच्या जाहिराती गोळा करतोय यार, नंतर बघू.”

आणि आता हा फ्लेक्स. कॅमेऱ्यासमोर बोलायची हिंमत वस्तीवर एकट्या सखूबाईंनी केली होती. आज त्या नेमक्या त्याच फ्लेक्सखाली भेटल्या. “तू बी त्यांचाच निघाला का रे?” काय सांगणार होतो? मला न विचारताच फोटो छापला म्हणून? कोण विश्वास ठेवेल?

पण फोटो दिला कुणी? तो मी कुठेच टाकलेला नाही. निळा शर्ट, आणि खांद्यावर कुणाचा तरी अर्धा कापलेला हात. त्या हातावरून नजर हटेना.

घरी आल्यावर दादाला विचारलं. त्याने लपवलं नाही. “मीच दिला. आता तुझ्या वाटेला कोणी जाणार नाय. जेवून घे.”

ताईच्या लग्नातला फोटो. खांद्यावरचा हात दादाचाच. देताना स्वतःला तेवढं कापून काढलं त्याने.