कम्फर्टेबल

डब्लिन, ओहायो
ता. ९ मार्च २०२५

चि. इला हिस आजीचा पोटभर आशीर्वाद. वि. वि.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून ही जुनी युक्ती. मी सांगते, शेजारची सुलेखा लिहिते. नाव सुलेखा, पण तुझा बाप म्हणतो, अक्षर डॉक्टरच्या चिठ्ठीसारखं आहे. हेसुद्धा लिही म्हटलं, तर बिचारीनं लिहिलं.

आजोबांना जाऊन उद्या तीन महिने होतील. त्यांच्या खुर्चीवर कोणी बसत नाही. मोजे तेवढे मी वापरते. नवरा गेला म्हणून इथली थंडी कमी होत नाही.

तुझा बाप प्रसाद म्हणतो, इलाला ऑफिसात फार काम आहे. जन्मभर इंग्रजीच्या मास्तरांच्या घरात राहून मी अक्षर शिकले नाही, पण माणूस वाचता येतो. तेराव्याला तू माझ्याकडे न बघता गेलीस. माझं काय चुकलं ते कळव. हल्ली भाजीत मीठ विसरते, तसं आणखी काही विसरले असेन.

उत्तर मराठीत लिही. आजोबा बर्फातून तुला रविवारच्या मराठी शाळेत सोडायचे, ते फुकट जायला नको. चुकांना भिऊ नकोस, लाल पेनवाला आता नाही.

लोभ कमी करायचा असेल तर आधी कारण सांगावं.

तुझी आजी
(सहीच्या जागी फोडणीच्या हळदीचं बोट)


हर्नडन, व्हर्जिनिया
१८ मार्च २०२५

ती. आजीस इलाचा सा. नमस्कार. वि. वि.

सुलेखाकाकू, प्लीज हे हळू वाचा.

आजी, तुझं काही चुकलं नाही. माझं चुकलं. त्या शेवटच्या दिवशी बाबा गाडी पार्क करत होते आणि हॉस्पिटलच्या रूममध्ये आपण तिघंच होतो. डॉक्टर म्हणाली, आता आम्ही ह्यांना कम्फर्टेबल ठेवू. तू विचारलंस, काय म्हणते गं? मी म्हणाले, आजोबांना आता आराम पडेल.

मला वाटलं, कम्फर्टेबल म्हणजे आराम. सोफा कम्फर्टेबल, शूज कम्फर्टेबल. हॉस्पिटलमध्ये त्याचा अर्थ, उपचार संपले, आता फक्त दुखू द्यायचं नाही. आणि मराठीत आराम पडेल म्हणजे बरे होतील. दोन्ही मला नंतर कळलं.

तू किती खूश झालीस. मऊ भात करून आणते म्हणालीस. बाबा वर आले आणि मी तुला घरी ड्राइव्ह केलं. आपण डबा घेऊन आलो तेव्हा आजोबा गेले होते. पंचावन्न वर्षं, आणि तुमचा शेवटचा तास माझ्या ट्रान्सलेशननं खाल्ला.

डिक्शनरीत बघितलं. शब्द लॅटिनमधला आहे. जुना अर्थ बळ देणं, सोफ्याचा अर्थ खूप नंतरचा. मी कोणाला बळ दिलं, आजी?

लोभ मागायची लाज वाटते.

इला


डब्लिन, ओहायो
ता. २४ मार्च २०२५

चि. इला हिस आजीचे आशीर्वाद, आणि एक धपाटा. वि. वि.

पत्र वाचताना सुलेखा मध्येच उठून चहा करायला गेली. चहा कोणालाच नको होता.

आता ऐक. तू कोट घालायला बाहेर गेलीस, तेव्हा मी आजोबांच्या कानाशी म्हटलं, इला म्हणते आराम पडेल. त्यांनी डोळे उघडले. डॉक्टरीण बोलली ते त्यांनी ऐकलं होतं. चाळीस वर्षं इंग्रजी शिकवलेला माणूस, त्याला का कळलं नसेल? हसले आणि म्हणाले, "पोरगी बरोबर सांगते. जा, भात कर. तूप जास्त घाल."

पंचावन्न वर्षांत माझी एक चूक त्यांनी सोडली नाही. तुझी सोडली. मुद्दाम सोडली. राग आला मला, तुझा नाही, त्यांचा. मला सांगितलं असतं तर मी भात कशाला केला असता? उशाशी बसून रडले असते. तेच त्यांना नको होतं.

तो भात मी गुणगुणत केला. नवरा बरा होणार, या खुशीत केलेला माझा शेवटचा भात. तो तास तू खाल्ला नाहीस गं, मला दिलास. बळ कोणाला दिलं म्हणतेस? त्या माणसाला, मला दाराबाहेर जाताना बघायला.

ये आता. तूप आहे. लोभ मागायचा नसतो, ताटात असतो.

सुलेखा विचारते, आजी कशा आहेत म्हणून लिहू? लिही म्हटलं, कम्फर्टेबल आहे. आराम पडलेला नाही.

तुझी आजी